वारा बेभरवशाचा, मग पवनचक्कीला भरवसा येतो कुठून?

फेब्रुवारीत पठारावर दमदार वारा क्वचित मिळतो. त्या वर्षी एका दुपारी चार तास मिळाला आणि तेवढ्यात आम्ही तिघांनी एका मशीनचा पिच कंट्रोलर (पाती वळवून वेग आवरणारा) जुळवून घेतला. वारा सेकंदाला बारा-तेरा मीटर. पडद्यावर जनरेटरच्या वेगाची रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ आली. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका पवनऊर्जा प्रकल्पावर देखभालीला होतो. सोमवारी पहाटे कोल्हापूरहून निघायचं, शनिवारी रात्री परतायचं. कंट्रोलरच्या तक्त्यात याहून जोरदार वाऱ्यासाठी वेगळे आकडे भरायच्या ओळी होत्या. तेवढा वारा समोर नव्हता. म्हणून वेग चुकला की पाती किती जोरानं वळवायची, याचा त्या दुपारी जमलेला आकडाच आम्ही खालच्या सगळ्या ओळींत उतरवला आणि ‘पावसाळ्याआधी बघू’ म्हणून घाट उतरलो.

पावसाळ्याआधी कुणी बघितलं नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ढग पठाराला टेकले, वारा अठरा-वीस मीटरवर गेला आणि ते मशीन टॉवर व्हायब्रेशनच्या अलार्मवर ट्रिप व्हायला लागलं. सुरू करावं, थोडा वेळ चालावं, पुन्हा बंद. टॉवरचं दार उघडून मी आत उभा राहिलो. वरून सोडलेली एक केबल आतल्या भिंतीला आपटत होती. टक. मग तीन सेकंदांनी पुन्हा टक. ऐंशी मीटर उंचीचा पोलादी टॉवर झुलत होता आणि दर झोक्याला थोडा जास्तच झुलत होता. आजूबाजूची मशीनं फिरत होती, हे एकटं थांबत होतं, आणि वर्षातला सगळ्यात मोलाचा वारा त्याच्या अंगावरून फुकट जात होता.

त्या टकटकीचं कारण पुढे सांगतो. आधी एवढंच, की आम्ही भरलेला आकडा चुकीचा नव्हता. त्या दुपारसाठी तो अगदी बरोबर होता. एका दुपारच्या मापानं शिवलेला सदरा आम्ही मशीनला वर्षभर घालायला दिला होता. एकाच दिवसाऐवजी येऊ शकणाऱ्या सगळ्या दिवसांसाठी नियंत्रण कसं आखायचं, याचं एक वेगळं शास्त्र आहे. इंजिनिअर त्याला रोबस्ट कंट्रोल म्हणतात. मी मराठीत ‘कणखर नियंत्रण’ म्हणतो. आता कोल्हापुरात मुलांना हाच विषय शिकवतो, आणि दर वर्षी सुरुवात त्या केबलच्या टकटकीपासून करतो.

पन्नास गुंठ्यांतला वारा

वाऱ्यातली ताकद त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वारा ८ मीटरचा १० मीटर झाला, म्हणजे फक्त सव्वापट, तर ताकद जवळजवळ दुप्पट होते. ८० मीटर व्यासाचं चक्र घ्या. त्याची पाती फिरताना जेवढी जागा व्यापतात ती पाच हजार चौरस मीटरच्या थोडी वर भरते. आपल्या हिशेबात पन्नास गुंठे. दहा मीटरच्या वाऱ्यात पठारावर या पन्नास गुंठ्यांतून दर सेकंदाला सुमारे ५३ टन हवा जाते. ऊस भरलेले तीन ट्रक, दर सेकंदाला.

यातली सगळी ताकद काढून घेता येत नाही. हवा पुढे सरकली नाही तर मागची येणार कुठून? आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं की कितीही चांगलं चक्र बनवलं तरी ५९.३ टक्क्यांवर हाताला काही लागणार नाही. प्रत्यक्षात चांगली मशीनं चाळीस-पंचेचाळीसच्या घरात असतात.

मशीनपुढे दोन वेगवेगळी कामं असतात. वारा तीन-चार मीटरपासून बाराच्या आसपासपर्यंत असतो तेव्हा जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं. त्यासाठी पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या सात-आठ पट ठेवावा लागतो. वारा वाढला की चक्र जोरात, कमी झाला की सावकाश. हे काम जनरेटर करतो. तो चक्राला किती जोरानं अडवायचं ते ठरवतो. बारा मीटरच्या पुढे गणित उलटं होतं. आता वारा हवा त्यापेक्षा जास्त आहे, जनरेटर आणि गिअरबॉक्स जळू-मोडू नयेत म्हणून जादा वारा सोडून द्यायचा. तेव्हा पाती आपल्याच अक्षाभोवती काही अंश वळतात आणि वाऱ्याला अंग चोरून वाट देतात. याला पिच म्हणतात. पंचवीस मीटरच्या आसपास गेलं की मशीन सरळ बंद करतात.

मोजायचं, बघायचं, हलवायचं, पुन्हा मोजायचं, हे चक्र म्हणजे फीडबॅक. कोल्हापूरकरांना ते समजावायला मला राधानगरीच्या पलीकडे जावं लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ‘राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले’ ही बातमी आली की पंचगंगेकाठची सगळी माणसं कान टवकारतात. धरणाला असे सात दरवाजे आहेत आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजा आपला आपण उघडतो, पातळी उतरली की मिटतो. पाऊस दाजीपूरच्या जंगलात पडला की आणखी कुठल्या ओढ्याला पूर आला, याची त्याला चौकशी करावी लागत नाही. कारण कुठलंही असो, परिणाम पातळीत दिसतो आणि दरवाजा पातळीकडे बघतो. फीडबॅकची ताकद यातच आहे. कारण माहीत नसतानाही तो काम करतो.

मग पवनचक्कीला तेवढं पुरे का होत नाही? कारण धरणाची पातळी तासांच्या हिशेबानं बदलते. दरवाजा पाच मिनिटं उशिरा उघडला तरी काही बिघडत नाही. पवनचक्कीत झोत एका सेकंदात येतो, पाती वळायला दोन-तीन सेकंद घेतात, टॉवर तीन सेकंदांना एक झोका घेतो आणि जनरेटरमधला प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागात पलटतो. इतक्या वेगवेगळ्या घाईची माणसं एका खोलीत कोंडल्यावर फीडबॅक चुकीच्या वेळी दिला, तर तो आवरण्याऐवजी ढकलतो. झोपाळ्याला चुकीच्या क्षणी लावलेला हात झोपाळा थांबवत नाही, वाढवतो.

जनरेटरच्या आत

मोठ्या चक्राचा फेरा मिनिटाला पंधरा-सतरा. आपल्या ग्रीडची वारंवारता ५० हर्ट्झ. चार पोलचा, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांचा जनरेटर असेल तर त्याला मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास फिरावं लागतं. मधे गिअरबॉक्स, साधारण शंभरपट. पूर्वीच्या मशीनांत जनरेटर ग्रीडला थेट जोडलेला असायचा, त्यामुळे वेग जवळपास कायम. झोत आला की त्याचा सगळा दणका गिअरच्या दातांवर.

त्यावरचा एक अतिशय हुशार तोडगा म्हणजे डीएफआयजी, दोन्ही बाजूंनी वीज खेळवणारा इंडक्शन जनरेटर. यात बाहेरचं, स्थिर वेटोळं थेट ग्रीडला असतं. आतलं, फिरणारं वेटोळं कार्बन ब्रशमधून एका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरला जोडलेलं असतं. या आतल्या वेटोळ्यात हव्या त्या वारंवारतेचा प्रवाह सोडून जनरेटरचा वेग १५०० च्या तीसेक टक्के खाली-वर, म्हणजे साधारण १०५० ते १९५० फेऱ्यांमध्ये, मोकळा सोडता येतो. बाहेर मात्र कायम ५० हर्ट्झच. आणि कन्व्हर्टर पूर्ण क्षमतेचा घ्यावा लागत नाही, सुमारे तीस टक्के पुरतो, त्यामुळे खर्च वाचतो. हल्ली कायमचुंबकाचे जनरेटर आणि पूर्ण क्षमतेचे कन्व्हर्टरही बरेच आले आहेत, पण आपल्याकडच्या पठारांवर काम केलेल्या माणसाला डीएफआयजी जास्त ओळखीचा.

आतल्या वेटोळ्यातला प्रवाह दोन भागांत पाहतात. एक भाग चक्राला किती अडवायचं ते ठरवतो. दुसरा भाग व्होल्टेज सांभाळायला मदत करतो. दोन्ही स्वतंत्रपणे हलवता यावेत म्हणून कंट्रोलर एक गणित करतो आणि त्या गणितात वेटोळ्याचा रोध, इंडक्टन्स (प्रवाह बदलायला वेटोळं करतं तो विरोध) असे आकडे लागतात. गोची इथून सुरू होते.

जे आकडे कागदावर असतात

तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. सकाळी २० अंशांवर असलेलं वेटोळं दुपारी पूर्ण भारावर १०० अंशांना गेलं की त्याचा रोध एकतीस टक्क्यांनी वाढलेला असतो. कंट्रोलरच्या पोटात मात्र कारखान्यात मोजलेला एकच आकडा. इंडक्टन्सचंही तसंच, लोखंड चुंबकत्वानं भरत आलं की तो उतरतो. हवेची घनता समुद्रसपाटीला, १५ अंशांना, घनमीटरला १.२२५ किलो धरतात. हजार-अकराशे मीटर उंचीच्या पठारावर ती १.०५ च्या आसपास असते, आणि डिसेंबरची पहाट ते मेची दुपार यांत आणखी सात-आठ टक्क्यांचा फरक पडतो. पात्यांच्या पुढच्या कडेवर धूळ आणि मेलेले किडे बसतात, पहिल्या पावसात धुऊन जातात. तेवढ्यानं पात्याची वारा पकडायची ताकद बदलते. वारा मोजायचं यंत्र तर नॅसेलच्या, म्हणजे टॉवरवरच्या जनरेटरच्या खोक्याच्या डोक्यावर, फिरत्या पात्यांच्या मागे बसवलेलं असतं. पात्यांनी घुसळून टाकलेली हवा ते मोजतं, तीही एका ठिकाणची. पन्नास गुंठ्यांच्या रानात एका कोपऱ्यात पर्जन्यमापक ठेवावा तसं. म्हणून चांगला कंट्रोलर त्याच्यावर फार विसंबत नाही, जनरेटरच्या वेगावरून वाऱ्याचा अंदाज घेतो.

या सगळ्याला शास्त्रात अनिश्चितता म्हणतात. ती म्हणजे अज्ञान नव्हे. आकडा नेमका माहीत नाही, पण तो कुठून कुठपर्यंत फिरू शकतो ते माहीत आहे. या फरकावर सगळं शास्त्र उभं आहे.

तो मला पहिल्यांदा समजला तो गुऱ्हाळावर. करवीर तालुक्यात आमच्या पाहुण्यांचं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळत असायचा, खाली चुलाणात चिपाडं, आणि काहिलीच्या कडेला गुळव्या. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. मी विचारलं, “मामा, किती वेळ उकळायचा असतो?” त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. “त्ये उसावर हाय. ह्यो नदीकाठचा हाय, काल खारवट रानातला हुता. कालचं गणित आज चालत न्हाई.” मग थोड्या वेळानं स्वतःहून म्हणाले, “पर मळी कशी येती, फेस कसा बसतो, ह्ये बघत ऱ्हायलं की कुठलाबी ऊस असूं दे, ढेप बसतीच.” चिपाडं ओली असली की जाळ दबायचा, वारं सुटलं की भडकायचा. गुळव्याला रसाची घनता सांगता आली नसती. पण ऊस किती वाईट असू शकतो आणि जाळ किती भडकू शकतो, याचा पट्टा त्यांच्या अंगात मुरलेला होता. ते कायम कडेपासून थोडं अंतर राखून काम करत, कारण रस एकदा करपला की परत येत नाही.

कणखर नियंत्रण म्हणजे हेच, फक्त गणितात लिहून सिद्ध केलेलं. पट्टा सांगा: रोध इथपासून इथपर्यंत, घनता इथपासून इथपर्यंत, ग्रीड एवढं दुबळं ते एवढं सशक्त. मग असा कंट्रोलर द्या की त्या पट्ट्यातला कुठलाही आकडा खरा निघाला तरी मशीन स्थिर राहील. एका नेमक्या परिस्थितीत सर्वोत्तम ठरण्यापेक्षा सगळ्या पट्ट्यात पुरेसं चांगलं असणं त्याला जास्त मोलाचं.

हमी कुठे आहे?

साठच्या दशकात नियंत्रणशास्त्रात सर्वोत्तमाची मोठी लाट आली. यंत्राचं गणित नेमकं द्या, गोंगाट किती ते द्या, आम्ही सर्वोत्तम कंट्रोलर काढून देतो. अवकाशयानांसाठी त्याचा मोठा उपयोग झाला. पण गणित थोडं चुकलं तर? १९७८ मध्ये जॉन डॉयल या तरुण संशोधकानं याच प्रश्नावर छोटासा शोधनिबंध लिहिला. अशा कंट्रोलरना चुकीची किती मोकळीक निश्चितपणे मिळते, हा विषय. निबंधाचा सारांश इंग्रजीत अवघ्या तीन शब्दांचा आहे आणि त्याचा अर्थ इतकाच, की अशी मोकळीक मुळीच नाही. म्हणजे कागदावर सर्वोत्तम असलेला कंट्रोलर केसभर फरकानं कोसळू शकतो. वर्गात हे सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो, कारण फेब्रुवारीतली ती सरळ रेघ मला आठवते.

पुढे १९८१ मध्ये जॉर्ज झेम्स यांनी प्रश्न उलटा मांडला. सरासरी वारा कसा असेल हे विचारू नका. सगळ्यात खोडकर वारा काय करू शकेल ते विचारा. यातून जी पद्धत उभी राहिली तिला एच-इन्फिनिटी म्हणतात. नाव भीतिदायक आहे, कल्पना रुपया-पैशाची आहे. वाऱ्यानं एक रुपयाची खोडी काढली, तर जनरेटरच्या वेगात जास्तीत जास्त किती पैशांची गडबड होईल? समजा उत्तर आलं चाळीस पैसे. मग वाऱ्यानं तो रुपया एकदम खर्च करो, हप्त्याहप्त्यानं करो, टॉवरच्या झोक्याचा ताल धरून करो, चाळीस पैशांच्या वर गडबड होणार नाही, ही लेखी हमी. कंट्रोलर आखायचा म्हणजे हा आकडा जेवढा खाली आणता येईल तेवढा आणायचा. गणितात हा खरोखरच दोघांचा सामना असतो. एका बाजूला कंट्रोलर, दुसऱ्या बाजूला वारा, आणि वारा प्रत्येक डाव अचूक टाकणार असं धरूनच तयारी करायची. तालमीत वस्ताद पोराला सोयीची जोड देत नाही, त्यातलाच प्रकार.

हा सामना सोडवायचा रस्ता सुरुवातीला फार किचकट होता. १९८९ मध्ये चार जणांच्या एका शोधनिबंधानं तो सरळ केला: डॉयल, ग्लोव्हर, खरगोनेकर आणि फ्रान्सिस. यातले प्रमोद खरगोनेकर मुंबईच्या आयआयटीतून १९७७ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेला गेलेले. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत या चौघांच्या आद्याक्षरांनी ती पद्धत ओळखली जाते. आमच्या वर्गातल्या कागल-गडहिंग्लजच्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो.

या पद्धतीचा पाया आणखी साध्या गोष्टीत आहे. गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरसमोर आला की शिट्टी का मारतो? माईकनं उचललेला आवाज स्पीकरमधून मोठा होऊन पुन्हा माईकमध्ये येतो. एका फेऱ्यात तो वाढत असेल तर शिट्टी. घटत असेल तर कितीही फेरे होऊ देत, विरून जातो. झेम्स यांनीच १९६६ मध्ये हे काटेकोर सिद्धांतात बसवलं. आपल्या अज्ञानालाही एक स्पीकर समजायचं. त्याचा आवाज जास्तीत जास्त किती, ते ठाऊक आहे. मग कंट्रोलरचा माईक एवढा हळू ठेवायचा की पूर्ण फेऱ्यात आवाज वाढणारच नाही. अज्ञानाच्या आत नेमकं काय आहे, हे न कळताही शिट्टी बसणार नाही, हे सिद्ध होतं.

दुसरी एक पद्धत अगदी वेगळ्या वळणाची आहे आणि मला फार आवडते. स्लायडिंग मोड. ती सोव्हिएत रशियात वाढली. वादिम उत्किन यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं आहे. रात्री उसाला पाणी पाजून तुम्ही बांधावरून परत येताय, बॅटरी संपलीय. डावा पाय उताराला लागला की उजवीकडे, उजवा लागला की डावीकडे. बांध किती ओला, उतार किती तिरका, याचा हिशेब करायचा नाही. बाजू कुठली एवढंच बघायचं आणि पूर्ण जोरानं उलट पाऊल टाकायचं. तुमचा जोर घसरणीपेक्षा जास्त असेल तर तुम्ही बांध सोडणार नाही. गणितात बांध म्हणजे एक ठरवलेली रेघ, उदाहरणार्थ ‘वेगातली चूक शून्य’. रोध तीस टक्के वाढो की घनता घटो, मशीन त्या रेघेवर चिकटून सरकत राहतं.

तोटा लगेच दिसतो. पाय सतत डावीकडे-उजवीकडे थरथरत राहतात. याला चॅटरिंग म्हणतात. जनरेटरच्या कन्व्हर्टरमध्ये हे फारसं बोचत नाही, कारण त्यातले ट्रान्झिस्टर मुळातच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे. पण हीच थरथर पाती वळवणाऱ्या मोटरला दिली तर दातेरी चक्रं काही महिन्यांत झिजून जातील. विद्युत बाजूला जी पद्धत शोभते ती यांत्रिक बाजूला घातक ठरू शकते, हे पुस्तक वाचून नव्हे तर झिजलेला दाता हातात घेतल्यावर पटतं. १९९३ मध्ये आरी लेव्हांत यांनी याच पद्धतीचा एक सौम्य अवतार मांडला, सुपर-ट्विस्टिंग नावाचा. त्यात पावलांची आदळआपट एका पायरीआड दडते आणि बाहेर येणारा हुकूम सलग राहतो. पवनचक्क्यांच्या जनरेटरवरच्या संशोधनात तो पुष्कळ वापरला गेला आहे.

कणखरपणा फुकट मिळत नाही. दुधाची भरलेली पिशवी एका बाजूनं दाबा, दुसरीकडे फुगते. फीडबॅकचंही असंच आहे आणि हा गणितानं सिद्ध झालेला नियम आहे, कुणाच्या हुशारीनं तो चुकवता येत नाही. एका तालावरची गडबड दाबली की दुसऱ्या कुठल्या तरी तालावर ती थोडी वाढतेच. इंजिनिअरनं ठरवायचं असतं ते एवढंच, की फुगवटा कुठे येऊ द्यायचा.

आता त्या टॉवरकडे येऊ. बारा-तेरा मीटरच्या वाऱ्यात पाती जेमतेम वळलेली असतात आणि एक अंश वळवल्यानं फार फरक पडत नाही. म्हणून आमचा आकडा मोठा होता, आणि तिथे तो बरोबर होता. वीस मीटरच्या वाऱ्यात पाती बरीच वळलेली असतात. तिथे तोच एक अंश कितीतरी जास्त परिणाम करतो. त्यामुळे आमचा कंट्रोलर जूनमध्ये कित्येक पट उतावळा झाला. इतका, की तो टॉवरच्या तीन सेकंदांच्या झोक्याशी ताल धरू लागला. टॉवर पुढे, वाऱ्याच्या दिशेनं झुकला की पात्यांना वारा वाढल्यासारखा वाटतो. कंट्रोलर म्हणतो, वेग वाढेल, पाती वळवा. पाती वळली की त्यांच्यावरचा वाऱ्याचा रेटा कमी होतो. पुढे जाणाऱ्या टॉवरला मागे रेटणारा हातच निघून जातो, आणि तो आणखी पुढे जातो. परतताना नेमकं उलट. वेगाची रेघ सरळ ठेवायच्या हट्टापायी आम्ही टॉवरला झोके देत होतो. दूध वेगाच्या बाजूनं दाबलं होतं, पिशवी टॉवरच्या बाजूला फुगली होती.

दुरुस्तीत तक्त्यातल्या खालच्या ओळी नव्यानं भरल्या. सगळ्यात जोरदार वाऱ्याच्या ओळीत आकडा मूळच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर आला. टॉवरच्या तालावर कंट्रोलरला बहिरं करणारा फिल्टर घातला. आणि या वेळी एका आकड्यावर थांबलो नाही: टॉवरचा ताल दहा टक्के इकडे-तिकडे धरून, हवा जड-हलकी धरून, पाती स्वच्छ आणि मळकी धरून, प्रत्येक टोकाला मशीन स्थिर राहतं का ते तपासलं. त्यानंतर पडद्यावरची रेघ पूर्वीसारखी सरळ कधीच आली नाही. थोडी लहरत असायची. पण ते मशीन त्या अलार्मवर पुन्हा ट्रिप झालं नाही.

पट्ट्याबाहेरचं

या शास्त्राची हमी फक्त ठरवलेल्या पट्ट्यापुरती असते. पट्टा ठरवायला विसरलो तर गणित कितीही पक्कं असू दे. ग्रीडच्या बाबतीत हे फार महागात पडू शकतं. कुठे तरी तारांवर झाड पडतं, शॉर्टसर्किट होतं आणि क्षणभर व्होल्टेज खाली येतं. पूर्वी अशा वेळी पवनचक्क्या घाबरून सुटून जात. चारदोन असताना चालून जायचं. शेकडो मेगावॉट एकदम सुटले तर ग्रीडच बसेल. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं २०१३ मध्ये नियम दुरुस्त केले: व्होल्टेज कोसळून नेहमीच्या फक्त १५ टक्के उरलं तरी नव्या मशीननं ०.३ सेकंद तग धरायचा. डीएफआयजीला हे जड जातं, कारण त्याचं बाहेरचं वेटोळं थेट ग्रीडला असतं. व्होल्टेज पडताच आतल्या वेटोळ्यात प्रवाहाचा लोंढा येतो आणि लहानसा कन्व्हर्टर जळू शकतो. तेवढ्यापुरतं वेटोळं रोधकांतून वळवून घ्यावं लागतं.

दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात पारेषणाचे मनोरे कोसळले. दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज पडलं. पवनचक्क्यांनी पहिले धक्के नीट झेलले. पण त्यातल्या बऱ्याच मशीनांमध्ये एक मोजणी होती: ठरावीक वेळात अमुक इतके धक्के झाले की थांबायचं. ती मर्यादा ओलांडली आणि सात सेकंदांच्या आत नऊ प्रकल्पांतून ४५६ मेगावॉट निघून गेले. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून येणारी जोडवाहिनी त्या ओढीनं तुटली आणि सगळं राज्य अंधारात गेलं, साडेआठ लाख ग्राहक. एकेका धक्क्यासाठी मशीन कणखर होतं. लागोपाठ धक्के हा पट्टा कुणी धरलाच नव्हता, आणि ग्रीड चालवणाऱ्यांना त्या मोजणीची कल्पनाही नव्हती. नंतर ते आकडे बदलले गेले.

भारताची पवनऊर्जेची क्षमता २०२५ मध्ये ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली. जितक्या पवनचक्क्या वाढतील तितका ग्रीडचा स्वभावही बदलेल, आणि कालपर्यंत जो पट्टा पुरत होता तो अपुरा पडेल. म्हणून मुलांना मी कंट्रोलर आखायला लावण्याआधी एक कोरा कागद देतो आणि मशीनच्या आयुष्यात काय काय बदलू शकेल ते लिहायला सांगतो. पहिल्या दिवशी चार ओळी येतात. सत्राच्या शेवटी दोन्ही बाजू भरलेल्या असतात. मागे एकीनं लिहिलं होतं: ‘ओल्या जमिनीत पाया किंचित मऊ होऊन टॉवरचा ताल बदलेल.’ मी आठ वर्षं पठारावर काढली, मला ते सुचायला पाच लागली होती.

प्रत्यक्षात अजूनही बहुतेक मशीनांवर साधे पीआय कंट्रोलर (आताची चूक आणि साठत आलेली चूक बघून दुरुस्ती करणारे), वाऱ्यानुसार आकडे बदलणारे तक्ते आणि फिल्टर हेच चालतं. त्यात काही कमीपणा नाही. कणखरपणाचं गणित तिथे तपासनीस म्हणून येतं: हा साधा कंट्रोलर सगळ्या पट्ट्यात टिकतो का, कुठे मोडायच्या जवळ येतो.

जुलैत ठोसेघरचा धबधबा बघायला गेलात तर वर चाळकेवाडीच्या पठारावर थोडं थांबा. मोठ्या मशीनपैकी एखादं निवडा आणि पात्याच्या टोकाकडे न बघता बुडाकडे बघा, जिथे ते हबला, म्हणजे चक्राच्या मधल्या तुंब्याला जोडलेलं असतं. जोराचा झोत आला की तिन्ही पाती बुडातून काही अंश वळतात, झोत गेला की परत येतात. थोडी सावकाश वळतात, वाऱ्याच्या मागे रेंगाळल्यासारखी. ती मुद्दाम तशी ठेवलेली असतात.